काटा हलत नव्हता : एका जुन्या टर्बो स्पोर्ट्स कारच्या अडखळण्याचा तपास

गाडी माझ्याकडे आली तेव्हा डिकीत एक खोका होता आणि खोक्यात कापडात गुंडाळलेला जुना टर्बो. "दादा, हा बदलून झाला, तरी तेच," मालक म्हणाला. निम्मी केस त्या एका वाक्यात होती. मला ते कळायला तीन आठवडे लागले.

गाडीचं नाव देत नाही, कारण दोष त्या नावाचा नव्हता. १९८०च्या दशकाच्या अखेरची दोन दारांची रिअर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कार. दोन लिटर, चार सिलिंडर, एक टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), नाकाशी ती हवा गार करणारा इंटरकूलर. इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक, पण हवा मोजायला झडपेचा एअर फ्लो मीटर. बॉशने १९७०च्या दशकात एल-जेट्रॉनिकमधून आणलेली ही पद्धत पुढे कितीतरी कंपन्यांनी वापरली. आत येणारी हवा स्प्रिंग लावलेली एक झडप ढकलते. झडप किती उघडली ते व्होल्टेजच्या रूपात ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळतं आणि त्या हिशेबाने पेट्रोल पडतं. पुढचं सगळं या झडपेभोवतीच फिरणार आहे, म्हणून ती आत्ताच ध्यानात ठेवा.

तक्रार अशी. इंजिन गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला की गाडी खेचायला लागते आणि ३,२०० च्या आसपास कोणी मागून कॉलर धरावी तशी थबकते. अर्धा-पाऊण सेकंद. मग गचका देऊन सुटते आणि साडेचार हजारांनंतर काही झालंच नाही अशा थाटात पळते. अर्ध्या दाबावर चालवली तर काही नाही. इंजिन थंड असताना काही नाही. पहिल्या गिअरमध्ये नाही, दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात सगळ्यात वाईट, चौथ्यात पुन्हा कमी.

शेवटचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि तिथेच सोडून दिलं. ते नीट वाचलं असतं तर पहिला आठवडा वाचला असता.

पूर्वेतिहास मालकाकडून तुकड्यातुकड्यांनी निघाला. अडखळणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. एका वर्कशॉपने टर्बो गेल्याचं सांगून तो बदलला. त्यानंतर दोन महिने गाडी बऱ्यापैकी सुधारली, पण चौथ्या गिअरमध्ये चढ घेताना इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला. दुसऱ्या कोणीतरी "ट्यूनिंग" केलं. टकटक थांबली आणि अडखळणं दामदुपटीने परत आलं. मधल्या काळात प्लग, ऑक्सिजन सेन्सर, इग्निशन कॉइल, पेट्रोल फिल्टर असं सगळं नवं झालं. इतके नवे पार्ट असलेली जुनी गाडी मला नेहमीच घाबरवते. कुठला भाग बिघडलेला होता म्हणून बदलला आणि कुठला केवळ हाताशी आला म्हणून, हे कोणालाच सांगता येत नाही.

लॅग नव्हे

टर्बो गाडी अडखळली की दहापैकी नऊ जण "लॅग" म्हणतात. लॅग म्हणजे उशीर. एक्झॉस्टच्या झोताने टर्बाइन फिरायचं, त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने हवा दाबायची, ती हवा पाईप आणि इंटरकूलर भरत इंजिनापर्यंत पोचायची, याला वेळ लागतो. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो किंवा १९७४ मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये आलेली पोर्शे ९११ टर्बो या गाड्या त्यासाठी नावाजलेल्या: पाय दाबा, वाट बघा, मग एकदम लाथ. पण त्या वाट बघण्यात इंजिन सुरळीत चालत असतं. ताकद कमी असते, खोड नसते.

इथे बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, काटा वेळेवर चढत होता. ०.६ बारला पोचत होता आणि त्या *नंतर* गाडी थबकत होती. म्हणजे टर्बोने आपलं काम केलेलं होतं. दिलेल्या हवेचं पुढे काहीतरी वाकडं होत होतं. नुसता बूस्ट गेज आणि आरपीएमचा काटा एकत्र बघितला असता तरी तो खोका डिकीत यायची वेळ आली नसती.

प्लगची वाट

पहिली चूक माझी. प्लग काढले तर टोकं काजळीने काळी आणि गॅप, म्हणजे ठिणगीला ओलांडायची फट, १.१ मिलिमीटर. टर्बो नसलेल्या गाडीत हा गॅप चालून जातो. बूस्टखाली सिलिंडरमधली हवा दाट होते आणि दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. जुन्या वायरिंगमध्ये तेवढं मिळेल याची खात्री नसते, मग ऐन ताकदीच्या वेळी ठिणगी विझते आणि गाडी मिसिंग मारते. लक्षण तंतोतंत जुळलं असं मला वाटलं. फीलर गेज लावून चारही प्लग ०.७ वर आणले.

फरक पडला. अडखळणं गेलं नाही, पण निम्म्यावर आलं.

तपासात यासारखी फसवणारी गोष्ट नाही. काहीच फरक पडला नसता तर मी दुसरीकडे वळलो असतो. थोडा पडला म्हणून मी इग्निशनलाच चिकटून बसलो. प्लगच्या वायरी मोजल्या, डिस्ट्रिब्यूटरची कॅप उघडली, रोटर घासला, कॉइलपर्यंत येणारं व्होल्टेज गाडी चालू असताना पाहिलं. सगळं ठीक. आठवडा गेला. खरं कारण असं होतं की मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, पेटायलाच जड झालं होतं आणि गॅप कमी केल्याने ते थोडं सोपं झालं. ठिणगी गुन्हेगार नव्हती, तिच्यावर नको तेवढं ओझं पडलेलं होतं. काजळी मी पाहिली होती, पण "जुनी गाडी, शहरात फिरते" म्हणून सोडून दिली.

तीन काटे

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारं हवेचं दार) आणि त्यानंतर सिलिंडरांना हवा वाटणारा मॅनिफोल्ड, त्या मॅनिफोल्डवर टी लावून बूस्ट गेज. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दिसेल. आणि इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, म्हणजे फ्युएल रेलवर, प्रेशर गेज, लांब होजला जोडून, बोनेटच्या फटीतून बाहेर काढून वायपरखाली चिकटवलेला, काचेतून वाचता येईल असा. तो केबिनमध्ये आणू नये. गरम गाडीत पेट्रोलचा होज मांडीवर घेऊन बसण्याइतकं कोणतंच निदान मोलाचं नसतं.

मालक चालवायला, मी आकडे वाचायला. मोकळा, लांब, सरळ रस्ता. तिसरा गिअर, अडीच हजार, पाय तळाला.

बूस्ट ०.३, ०.५, ०.६. वाइडबँड १२ च्या जवळ. आणि मग ३,२०० ला आकडा ११, १०, आणि पुढे पट्टीच संपली. त्या गेजला १० च्या खाली दिसत नाही. गाडी थबकली, आरशात काळा भपकारा दिसला, गचका बसला, आकडा सावकाश परत वर. पेट्रोलच्या प्रेशरचा काटा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ३.० बारवर, ढिम्म.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. बूस्टखाली सिलिंडर थंड राहावेत म्हणून मुद्दाम पेट्रोल जास्त देतात, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान. १० च्या खाली म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोलचा पूर. त्याला रिच म्हणतात आणि प्लगवरची काजळी आठवडाभर तेच ओरडून सांगत होती.

वहीत लिहिलं: "मिक्स्चर अति रिच, फक्त बूस्टमध्ये, फक्त ३,२०० जवळ. फ्युएल प्रेशर ३.० स्थिर, ठीक." आणि "ठीक"च्या पुढे बरोबरची खूण. ती खूण अजून त्या पानावर आहे.

पान संपता संपता कडेला आणखी एक ओळ आहे: "पाय सोडल्यावर खालून ठक्. प्रॉपेलर शाफ्टची रबर कपलिंग?"

हवा मोजली, पण पोचली नाही

झडपेचा मीटर लावलेल्या गाडीत रिच मिक्स्चर फक्त बूस्टमध्ये दिसलं तर पहिला संशय गळतीचा. मीटरने हवा मोजली, ईसीयूने तेवढं पेट्रोल सोडलं, पण टर्बो आणि इंजिनाच्या मधल्या कुठल्यातरी पाईपातून ती दाबलेली हवा बाहेर पळाली. पेट्रोल पूर्ण, हवा अर्धवट. गळती थ्रॉटलच्या आधी असली तर बूस्ट नसताना तिथे दाबच नसतो, म्हणून साध्या चालवण्यात काहीच जाणवत नाही.

पाय सोडल्यावर जादा दाब मोकळा करणाऱ्या बायपास व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल, असं मालकाने कुठेतरी ऐकलं होतं. शंका रास्त होती, पण या गाडीत तो व्हॉल्व्ह हवा परत टर्बोच्या तोंडाशी सोडतो, म्हणजे मीटर ओलांडून गेल्यानंतरच्या भागात. ती हवा एकदाच मोजली जाते आणि फिरून येते. फाटला तर बूस्ट रडतखडत येतो, मिक्स्चर बिघडत नाही. हवा बाहेर सोडणारा, मोठा फुसकारा करणारा व्हॉल्व्ह हौसेने बसवलेला असता तर गोष्ट वेगळी होती.

म्हणून प्रेशर टेस्ट. मीटर आणि टर्बोमधला होज काढून टर्बोच्या तोंडावर जाड प्लास्टिकचं झाकण क्लॅम्पने आवळलं, त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी बुजवली, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील उलटते. रेग्युलेटरने हळूहळू ०.६ बार. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी.

एक बुडबुडा नाही. थ्रॉटलपाशी किंचित सुस्कारा, तो असतोच. दाब मिनिटभर जागचा हलला नाही.

त्या संध्याकाळी मी चक्क चिडलो होतो. आकडे सांगत होते की हवा पळते आणि साबण सांगत होता की पळत नाही. दोघं खोटं बोलत नव्हते. मी प्रश्न चुकीचा विचारत होतो. "कुठे गळतं?" असं विचारत होतो, "केव्हा गळतं?" असं नाही. वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली आणि त्या वाक्याशी थांबलो: पहिल्यात नाही, तिसऱ्यात सगळ्यात वाईट, चौथ्यात *कमी*.

हे उलटं आहे. ठिणगी कमी पडत असेल, पेट्रोल कमी पडत असेल किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल, तर चौथ्यात जास्त त्रास व्हायला हवा. वरच्या गिअरमध्ये इंजिन जास्त वेळ भाराखाली राहतं, बूस्टही जास्त वेळ टिकतो. मग चौथ्यापेक्षा तिसऱ्यात जास्त असतं तरी काय? आडवा पीळ. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एक नग असतो आणि तो माउंटिंगवर, म्हणजे रबराच्या टेकूंवर, बसतो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला जितका टॉर्क (पिळण्याचा जोर) द्यायचा तितकाच उलटा टॉर्क हा नग सोसतो आणि एका बाजूला कलतो. इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचं प्रमाण. चौथा गिअर बहुधा एकास एक असतो, तिसऱ्यात तोच टॉर्क सुमारे सवापट ते दीडपट होऊन माउंटिंगवर येतो. पहिल्यात तर त्याहून कितीतरी जास्त, पण तिथे बूस्ट भरायच्या आतच आरपीएम पुढे निघून जातात. पीळ आणि बूस्ट दोन्ही एकदम हजर असतात ते तिसऱ्यात.

आणि पाय सोडल्यावरची ती "ठक्".

दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकण लावलं, पुन्हा ०.६ बार. मग सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पात्राखाली, लाकडाचा रुंद ठोकळा ठेवला, पत्रा चेपू नये म्हणून, आणि जी बाजू टॉर्कमुळे उचलली जाते त्या बाजूला जॅकने अगदी सावकाश वर घेतलं. एक सेंटिमीटर, काही नाही. दोन. माउंटिंगचं रबर, जे वरून बघताना अखंड दिसत होतं, ते ओठ विलगावेत तसं मधोमध उघडलं. इंजिनाच्या वजनाने फाट रोज मिटलेली राहायची. आणखी अर्धा सेंटिमीटर, आणि समोरून "फुस्स" करून जो आवाज आला तो ऐकून मालक हातातला बॅटरीचा दिवा टाकून मागे सरकला. गेजचा काटा धाडकन पडला.

इंटरकूलरचा पाईप बॉडीला घट्ट असतो आणि थ्रॉटल बॉडी इंजिनाला. दोघांच्या मध्ये रबराचा एक कपलर होज. इंजिन जितकं डुलतं तितकं सगळं त्या होजने झेलायचं. होज काढून उलटा केला. खालच्या बाजूला, हात किंवा नजर सहज पोचणार नाही अशा जागी, आडवी चीर. नखाने दाबली की नाहीशी, वाकवली की दोन मिलिमीटर उघडी. लांबी मोजली तर साडेचार सेंटिमीटर. कडा तेलाने मऊ झालेल्या, म्हणून गार असताना चिकटून राहत आणि गरम झाल्या की सुटत.

आता ३,२०० चं कोडंही सुटतं. ०.६ बार बूस्टला दोन लिटरचं असं इंजिन ३,२०० आरपीएमवर सेकंदाला ढोबळ मानाने ८० ग्रॅम हवा घेतं. एवढ्या दाबाला एवढ्या चिरेतून २० ग्रॅमच्या आसपास निसटू शकते. मीटरला १०० दिसले, इंजिनाला ८० मिळाले, म्हणजे पेट्रोल सव्वापट. बूस्ट तोच ठेवून सहा हजारांवर गेलं की इंजिन १५० ग्रॅम घेतं, पण भोक तेच, दाब तोच, गळतीही तीच २०. चूक २५ टक्क्यांवरून १३ वर येते. तेवढं रिच मिक्स्चर जळून जातं. गाडी वरच्या आरपीएमला "सुटते" ती यामुळे.

दोन्ही माउंटिंग बदलली. एकच बदलून दुसरं जुनं ठेवलं तर नवं लवकर मरतं. नवा कपलर, नवे क्लॅम्प. रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये वाइडबँड ११.९, सरळ रेषेत, दोन हजारांपासून लाल पट्टीपर्यंत. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता. मी गेज काढले, होज गुंडाळले आणि केस बंद केली.

बंद नव्हती

चार दिवसांनी फोन. "दादा, खेचते मस्त, पण सकाळी स्टार्ट केल्यावर पेट्रोलचा वास येतो. आणि अ‍ॅव्हरेज काही सुधारलं नाही."

गळती थ्रॉटलच्या आधीची होती. सकाळी आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, तिचा काही संबंध नव्हता, मग वास कसला? मी वही उघडली आणि ती बरोबरची खूण दिसली. "३.० स्थिर, ठीक."

रेलमधलं प्रेशर स्थिर असावं हे बरोबर, पण कशाच्या तुलनेत? इंजेक्टरचं एक टोक रेलमध्ये आणि दुसरं मॅनिफोल्डमध्ये. पेट्रोल किती पडणार हे दोन्हींमधल्या *फरकावर* ठरतं. तो फरक ३ बार राहावा म्हणून पेट्रोलचं प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरपासून मॅनिफोल्डपर्यंत एक बारीक रबरी नळी असते. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम, म्हणून रेलचं प्रेशर अडीचच्या आसपास उतरतं. ०.६ बूस्ट आला की ते ३.६ वर चढलं पाहिजे. मॅन्युअलमधला ३.० हा आकडा ती नळी *काढून* घेतलेला असतो. माझ्या डोक्यात तो आकडा इतका पक्का होता की आयडललाही ३.०, बूस्टलाही ३.० बघून मला समाधान वाटलं. जो काटा नाचायला हवा होता तो स्थिर आहे म्हणून मी त्याला शाबासकी दिली.

नळी शोधली. मॅनिफोल्डच्या मागे, टर्बोच्या पाईपाच्या ब्रॅकेटखाली चेंगरून चपटी झालेली. आतून पूर्ण बंद. फाटलेली नव्हती, म्हणून प्रेशर टेस्टमध्ये ती कधीच सापडली नसती. साबण गळती दाखवतो, तुंबलेलं दाखवत नाही. त्या ब्रॅकेटला हात लावायचं एकच कारण असतं: टर्बो काढणं-घालणं.

इथून मागे गेलं की मालकाची तुकड्यातुकड्यांची कहाणी सांधली जाते. सुरुवातीला दोष एकच होता, माउंटिंग आणि होज. मिक्स्चर रिच, म्हणून अडखळणं. टर्बो बदलताना नळी चेंगरली. बूस्टमध्ये इंजेक्टरवरचा फरक ३.० ऐवजी २.४ बार राहिला. पेट्रोल या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाहतं, म्हणजे साधारण साडेदहा टक्के कमी. गळतीने झालेला जादा भार या नव्या चुकीने हलका केला. अडखळणं घटलं आणि श्रेय नव्या टर्बोला मिळालं. पण चौथ्या गिअरमध्ये इंजिन फारसं कलत नाही, चीर मिटलेली राहते, तिथे उरली फक्त कमतरता. चढावर भार, मिक्स्चर कोरडं, आणि टकटक, म्हणजे नॉकिंग. पिस्टन जाळणारा आवाज तो. मग "ट्यूनिंग".

ते ट्यूनिंग कुठे झालं असेल, याचा अंदाज आता होता. एअर फ्लो मीटरचं काळं झाकण कारखान्यातून सिलिकोनने सील होऊन येतं, जुनं झालं की ते कडक होतं. इथे बोटाने दाबलं तर मऊ, पारदर्शक. ब्लेडने सावकाश कापून झाकण काढलं. आत कार्बनचा चाप, त्यावर फिरणारी बारीक पट्टी, आणि शेजारी दात असलेलं एक चक्र, ज्याने झडपेच्या स्प्रिंगचा ताण ठरतो. एका दातावर रंगाचा ठिपका होता, आणि स्प्रिंगची क्लिप ठिपक्यापासून पाच दात पलीकडे. स्प्रिंग सैल केलेली. सैल स्प्रिंग म्हणजे तेवढ्याच हवेला झडप जास्त उघडते, ईसीयूला जास्त हवा दिसते, पेट्रोल जास्त पडतं. चौथ्या गिअरमधली टकटक थांबवण्यापुरता उपाय अचूक होता आणि बाकी सगळीकडे अंगाशी आला. संथ चालवताना ऑक्सिजन सेन्सर जादा पेट्रोल कापून घ्यायचा, पण थंड इंजिनावर तो झोपलेला असतो, म्हणून सकाळचा वास. पूर्ण बूस्टमध्येही त्याचं ऐकलं जात नाही. तिथे चेंगरलेली नळी आणि सैल स्प्रिंग एकमेकींना सावरून धरत होत्या. माझं ते सुरेख ११.९ दोन चुकांची बेरीज होतं.

नळी बदलली, ब्रॅकेटपासून लांब फिरवली. आयडलला २.५, नळी काढली की ३.०. रस्त्यावर ०.६ बूस्टला ३.६, काटा बूस्टच्या काट्याबरोबर जोडीने वर. वाइडबँड अपेक्षेप्रमाणे १०.७ वर, कारण स्प्रिंग अजून सैल होती. ती एक-एक दात मागे घेतली. ठिपक्यावर एकदम आणता आली असती, पण ठिपका कोणी आणि कधी लावला हे मला माहीत नव्हतं. पाचव्या दाताला, बरोबर ठिपक्यावर, ११.८. कार्बनच्या चापावर पट्टीने घासून केलेली एक चकचकीत रेघ होती. काट्याच्या जुन्या मल्टिमीटरने झडप हळूहळू उघडत पाहिलं, काटा कुठे उडाला नाही, म्हणून ती तशीच ठेवली. झाकण पुन्हा सील.

प्लगचा गॅप ०.७ च ठेवला आहे. तो मुळातही तेवढाच हवा होता.

मालकाने जाताना डिकीतला खोका उघडला. "मग याचं काय झालं होतं?" जुना टर्बो बाकावर ठेवला. दांडा दोन बोटांत धरून बाजूला हलवला, किंचित खेळ. तो असायचाच, असा टर्बो तेलाच्या थरावर फिरतो. पुढे-मागे ओढला, काही नाही. कॉम्प्रेसरची पाती केसिंगला कुठे घासलेली नाहीत. बोटाने फिरवला तर आवाज न करता तीन-चार वेढे घेऊन थांबला. "काही नाही," मी म्हटलं. त्याने तो पुन्हा कापडात गुंडाळला, आधीपेक्षा जरा नीट.

पाय सोडल्यावरची "ठक्" अजून येते, पण बारीक. निम्मी माउंटिंगची होती. उरलेली निम्मी त्या रबर कपलिंगचीच निघाली, ती पुढच्या खेपेला.